खोलीत भरदार, मांडवात पोकळ: अ‍ॅटमॉस मिक्समधले सॅम्पल व्हायोलिन हरवतात तेव्हा

लक्षण असं असतं. अ‍ॅटमॉस म्हणजे डॉल्बीची भोवती आणि छतावरही स्पीकर धरून मिक्स करायची पद्धत. तिच्या ७.१.४ च्या खोलीत (भोवती सात स्पीकर, एक खालच्या दणक्याचा, छतावर चार) बसून ऐकलं तर व्हायोलिन, व्हिओला, चेलो सगळे जागच्या जागी, छतापर्यंत भरलेले. त्याच मिक्सची स्टिरिओ काढून मोबाइलवर लावली की व्हायोलिन पातळ होतात. तेच गाणं हळदीच्या मांडवात किंवा कानबाईच्या मिरवणुकीत वाजलं, जिथे डावा-उजवा एकत्र करून सगळ्या पेट्यांना एकच सिग्नल दिलेला असतो, तिथे दुसरे व्हायोलिन (व्हायोलिनवाल्यांचा दुसरा गट) जवळजवळ गायब आणि उरलेले पिंपात बसून वाजवल्यासारखे. गाणारीचा आवाज ठीक, ढोल ठीक. बिघडतं ते फक्त सॅम्पलचं ऑर्केस्ट्रा, म्हणजे आधी रेकॉर्ड करून लायब्ररी म्हणून विकलेल्या सुरांतून कॉम्प्युटरवर वाजवलेलं. अहिराणी गाणं मोबाइलवर आणि मांडवातच जास्त वाजतं, त्यामुळे खानदेशात काम करणाऱ्यासाठी ही बारीकसारीक तक्रार नाही. गाणं जिथे जगतं तिथेच ते मोडतंय.

पहिला हात इक्वलायझरकडे जातो. तिकडे जाऊ नका. दहापैकी नऊ वेळा हा प्रकार इक्वलायझरने सुटत नाही, कारण दोष आवाजाच्या रंगात नसून वेळेत असतो. एकच रेकॉर्डिंग दोन-तीन जागी, थोड्या थोड्या उशिराने वाजतंय. खोलीत ते वेगवेगळ्या स्पीकरांतून येतं म्हणून कान त्याला ‘मोठेपणा’ समजतो. स्टिरिओत त्या प्रती एकमेकींवर पडतात आणि एकमेकींना खातात.

आधी दोषी कोण ते शोधा

रेंडररमधून (अ‍ॅटमॉस मिक्स स्पीकरांत वाटणारं सॉफ्टवेअर) स्टिरिओ डाउनमिक्स, म्हणजे सगळे चॅनेल दोनांत मिसळून, ऐकायला लावा, शेवटी मोनोचं बटण दाबा आणि फक्त तंतुवाद्यं सोलो करा. आता छताचे चॅनेल म्यूट करा. मग बाजूचे, मग मागचे. निरोगी मिक्समध्ये प्रत्येक म्यूटला आवाज किंचित कमी आणि कोरडा होतो. एखादा भाग म्यूट केल्यावर व्हायोलिन उलट भरीव आणि उजळ झाले, तर प्रत तिथेच आहे. या चाचणीला दोन मिनिटं लागतात आणि ती फसवत नाही.

खात्री करायची तर स्पिकाटोचा (उडत्या गजाचा, तुटक) एकच सूर वाजवा आणि त्याचे सगळे माइक वेगवेगळ्या फायलींत काढा. एकाखाली एक ठेवून सुराची सुरुवात मोठी करून पाहा. दोन फायलींतली लाट तंतोतंत सारखी आणि नुसती पुढे-मागे सरकलेली दिसली, तर ती प्रत. लाटेचा आकारच वेगळा असेल, तर तो खरा दुसरा माइक आणि त्याचा उशीरही खरा, सभागृहातल्या अंतराचा. माइक वाद्यापासून दर मीटर लांब गेला की आवाज साधारण २.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ट्री माइकला (संचालकाच्या डोक्यावरच्या) जवळच्या माइकपेक्षा १० ते १५ मिलिसेकंद उशीर दिसला तर घाबरू नका. ते तसंच असायला हवं.

प्रत नेमकं काय करते

समजा, लायब्ररीत एकच स्टिरिओ माइक होता आणि मागचे स्पीकर रिकामे वाटले म्हणून तोच ट्रॅक १२ मिलिसेकंद उशीर देऊन मागे पाठवला. डाउनमिक्समध्ये दोन्ही एकत्र आले की सुमारे ४२ हर्ट्झवर पहिला खड्डा पडतो आणि तिथून पुढे दर ८३ हर्ट्झला एक: १२५, २०८, २९२ असे. व्हायोलिनची सर्वांत खालची मोकळी तार १९६ हर्ट्झची. तिच्या अर्धा सूर वरची पट्टी, म्हणजे जी शार्प, २०७.६ हर्ट्झला, जवळजवळ खड्ड्याच्या तळाशी. त्याहून दीड सूर वरचा बी २४७ ला, थेट उंचवट्यावर. म्हणजे धुनेतला एक सूर बुडतो आणि दोन पावलांवरचा अंगावर येतो. इक्वलायझरने २०८ उचललं तरी खड्डा भरत नाही, कारण जे एकमेकांना कापून शून्य झालंय ते कितीही पटीने वाढवलं तरी शून्यच. व्हिब्रेटोमध्ये सूर खड्ड्याच्या काठावर वर-खाली होतो, त्यातून तो खोटा, कोरससारखा थरार येतो. पुष्कळजण त्यालाच ‘सॅम्पलचा प्लास्टिकपणा’ समजून लायब्ररीला दोष देतात.

नेहमीच्या डाउनमिक्समध्ये बाजूचे चॅनेल ३ डीबी (डेसिबल) कमी होऊन मिसळतात, पण ते पुरेसं नाही. ३ डीबी खालची प्रतही सुमारे १५ डीबीचा चढउतार करते. ६ डीबी खाली नेली तर साडेनऊ, १० डीबी खाली नेली तरी पावणेसहाच्या आसपास. आवाज कमी करून हा प्रश्न मिटत नाही. प्रत काढूनच टाकावी लागते.

नियम एकच: एक माइक, एक जागा. ज्या स्पीकरला द्यायला स्वतःचा माइक किंवा स्वतःची रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी नाही, तो स्पीकर त्या वाद्यासाठी रिकामा राहू द्या.

लायब्ररीत पुरेसे माइक असतील तर

डेका ट्री म्हणजे संचालकाच्या डोक्यावर त्रिकोणात टांगलेले तीन माइक. वाद्यवृंदाच्या रेकॉर्डिंगचा कणा. ट्रीचा डावा आणि उजवा बेडच्या, म्हणजे ठरलेल्या चॅनेलांच्या गटाच्या, डाव्या-उजव्यात जातो. मधला वेगळा मिळत असेल तर तो सेंटरमध्ये द्या. लायब्ररीने ट्री आधीच स्टिरिओत मिसळून दिली असेल तर सेंटर रिकामाच ठेवा. प्लगइनने ‘मधलं काढून’ सेंटरमध्ये घालण्याचा मोह टाळा, त्यातून पुन्हा प्रतच तयार होते. शिवाय आपल्याकडच्या गाण्यात सेंटरची खरी मालकी गाणाऱ्याची.

आउटरिगर म्हणजे ट्रीच्या दोन्ही अंगांना लांब लावलेले माइक. ते समोरच्या आणि बाजूच्या स्पीकरांच्या मध्ये, दोन स्थिर ऑब्जेक्ट (खोलीत हव्या त्या जागी ठेवता येणारे सुटे आवाज) करून बसवा. अ‍ॅम्बियंट (सभागृहाचा घुमारा टिपणारे) माइक बाजूला. उंचावरचे माइक छतात. जवळचे माइक समोरच, ट्रीमध्ये ते वाद्य ज्या कोनात ऐकू येतं त्याच कोनात आणि ट्रीपेक्षा ८ ते १० डीबी खाली. जवळचा माइक आधी पोचतो आणि कान पहिल्या आलेल्या आवाजाकडे वळतो. त्यामुळे तो दुसरीकडे पॅन केला तर अख्खा विभाग तिकडे ओढला जातो आणि ट्री नुसती सावली बनून राहते.

स्पिटफायरच्या बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा लायब्ररीच्या प्रोफेशनल आवृत्तीत अ‍ॅटमॉससाठीचे पुढचे-मागचे माइक वेगळे मिळतात. व्हिएन्नाच्या सिंक्रॉन स्टेजवर रेकॉर्ड झालेल्या लायब्रऱ्यांच्या पूर्ण आवृत्तीत सराउंड आणि उंचीचे माइक असतात. लायब्ररी घेण्याआधी तिच्या माइकांची यादी वाचा. स्वस्त आवृत्तीत बहुतेकदा एकच तयार स्टिरिओ मिश्रण असतं आणि नंतर कितीही युक्त्या केल्या तरी त्यातून दुसरा माइक निघत नाही.

माइक खरे, तरीही आवाज फाटलेला

हा दोष सगळ्यात उशिरा सापडतो. वेगळं आउटपुट मिळावं म्हणून तेच वाद्य दोनदा लोड केलेलं असतं: एका ट्रॅकवर जवळचा माइक, दुसऱ्यावर ट्री, मिडी (कोणता सूर कधी वाजवायचा याची नोंद) दोन्हीकडे सारखं. वरकरणी सगळं बरोबर दिसतं. पण चांगल्या लायब्ररीत एकाच सुराचे तीन-चार वेगळे टेक असतात आणि ते आळीपाळीने किंवा यदृच्छेने वाजतात. दोन इन्स्टन्सचा (दोनदा लोड केलेल्या त्या वाद्यांचा) क्रम जुळलेला असेलच असं नाही. मग जवळच्या माइकमध्ये वादकांचा दुसरा टेक आणि ट्रीमध्ये तिसरा. दोन वेगळे प्रसंग एकाच क्षणी वाजतात. स्पिकाटोचे ठोके दुहेरी होतात, लांब सुरांची धार जाते.

तपासायला सोपं आहे. तोच पॅसेज त्याच मिडीवरून दोनदा ऑडिओत काढा आणि एकाची पोलॅरिटी उलटी करून (लाट वरची खाली) दोन्ही एकत्र वाजवा. शांतता झाली नाही, तर लायब्ररी दर वेळी वेगळं वाजवते. अशा लायब्ररीचे सगळे माइक एकाच फेरीत, एकाच इन्स्टन्समधून काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

कॉन्टॅक्टमध्ये (सॅम्पल वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये) आधी आउटपुट विभागात हवे तेवढे स्टिरिओ आउटपुट तयार करा. मग वाद्याच्या मिक्सर पानावर प्रत्येक माइकला त्याचं आउटपुट नेमून द्या. नवी आउटपुट डॉमध्ये (रेकॉर्डिंगच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये) दिसली नाहीत तर ती मांडणी डीफॉल्ट म्हणून सेव्ह करून प्लगइन पुन्हा घाला. डॉ म्हणून रीपर वापरत असाल तर ट्रॅकचे चॅनेल आधी वाढवायला विसरू नका. पाच स्टिरिओ माइकांना दहा चॅनेल लागतात. रॅम कमी पडत असेल तर एक एक वाद्य लोड करा, सगळे माइक एकत्र छापा, वाद्य काढून टाका आणि पुढचं घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची स्टिरिओ फाइल मिनिटाला साधारण १७ एमबी घेते. पाच मिनिटांचं गाणं, दहा वाद्यं, प्रत्येकी पाच माइक धरले तरी सव्वाचार जीबीच होतात. डिस्क स्वस्त आहे. पुन्हा पुन्हा शोधाशोध करण्यात गेलेला दिवस महाग.

लायब्ररी फक्त स्टिरिओ असेल तर

मूळ सिग्नल समोरच ठेवा, त्याला हलवू नका. बाजू, मागचं आणि छत भरायचं ते बहुचॅनेल रिव्हर्बने, आणि त्या रिव्हर्बमधून फक्त ओला आवाज (नुसता घुमारा) बाहेर पडला पाहिजे, कोरडा (मूळ) शून्य. प्रीडिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर, १५ ते २५ मिलिसेकंद. छताकडे जाणाऱ्या भागाला १५० ते २०० हर्ट्झच्या खाली कापा. उंचीचा अंदाज कानाच्या पाळीमुळे, वरच्या पट्टीतून येतो. खालचा आवाज छतात घालून उंची वाढत नाही, नुसता गढूळपणा येतो. त्याच कारणाने कॉन्ट्राबास छतात नेण्यात काहीच हाशील नाही.

पैसे न घालता हे करायचं तर ग्राझच्या आयईएम संस्थेचा मोफत प्लगइन संच रीपरमध्ये चालतो. तिसऱ्या क्रमाच्या अँबिसॉनिक्सला (सगळ्या दिशांचा आवाज एकत्र साठवायची पद्धत) ट्रॅकवर १६ चॅनेल ठेवा. आधी स्टिरिओ एन्कोडर, मग एफडीएन रिव्हर्ब पूर्ण ओला, शेवटी ऑलरॅड डीकोडर. डीकोडरमध्ये स्वतःच्या अकरा स्पीकरांचे कोन भरा. एलएफई (खालच्या दणक्याचा वेगळा चॅनेल) यात येत नाही. जमिनीखाली आपल्याकडे स्पीकर नसतात, म्हणून उणे ९० अंशावर एक काल्पनिक स्पीकर द्यावा लागतो. तो राहिला तर डीकोडर तक्रार करतो. काम झालं की छताच्या डाव्या-उजव्याचं कोरिलेशन (दोन्ही किती सारखे आहेत ते) मीटरवर पाहा. काटा शून्याच्या आसपास हलता हवा. अधिक एकला चिकटून राहिला तर दोन्हीकडे एकच शेपटी जातेय आणि पुन्हा तोच खड्ड्यांचा खेळ.

ऑब्जेक्टचा साइझ वाढवून भरीवपणा आणण्याचा प्रयत्न सॅम्पल तंतुवाद्यांवर करू नका. एकच सिग्नल अनेक स्पीकरांत पसरतो आणि सुराची सुरुवात बोथट होते. साइझ शून्य ठेवा.

छताचे चार, बेडमध्ये दोन

डॉल्बी अ‍ॅटमॉसचा बेड जास्तीत जास्त ७.१.२ असतो. छतासाठी त्यात डावा आणि उजवा, एवढेच दोन चॅनेल. चार उंचीचे माइक किंवा चार चॅनेलची रिव्हर्ब बेडमध्ये घातली की पुढचे-मागचे एकत्र होतात आणि तेच मिश्रण पुढच्या-मागच्या दोन्ही छत-स्पीकरांतून वाजतं. चार खरे माइक असूनही आवाज सपाट का, याचं उत्तर बहुधा इथे असतं. उपाय म्हणजे छताच्या चार कोपऱ्यांत चार स्थिर ऑब्जेक्ट. रेंडररला बेडसह १२८ इनपुट मिळतात. दहा चॅनेलचा एक बेड धरला तर ११८ ऑब्जेक्ट उरतात. सगळ्या ऑर्केस्ट्रासाठी मिळून चारच छत-ऑब्जेक्ट ठेवा, दर वाद्याला चार नकोत. एक एक सोलो करून रेंडररच्या मीटरवर फक्त त्याचाच स्पीकर हलतो ना, ते पाहा.

चॅनेलचा क्रम

डावी बाजू बुजलेली, सेंटरमध्ये भलतंच काही, मागे उजवीकडे गडगडाट: असं झालं तर फेज वगैरे सोडा आणि क्रम तपासा. प्रो टूल्समध्ये ७.१ चा क्रम डावा, सेंटर, उजवा, डावी बाजू, उजवी बाजू, डावा मागचा, उजवा मागचा, एलएफई असा आहे. दुसरा प्रचलित क्रम डावा, उजवा, सेंटर, एलएफई आणि मग बाजूचे-मागचे. पहिल्या क्रमाची फाइल दुसऱ्या क्रमाच्या ट्रॅकवर पडली की डाव्या बाजूचा माइक एलएफईत जाऊन अडकतो.

ढोल आणि एलएफई

खालचा दणका फक्त एलएफईत ठेवला तर तो स्टिरिओत उरतच नाही, कारण नेहमीचा डाउनमिक्स एलएफई टाकून देतो. सॅम्पल टिंपनी, ग्रान कासा (ऑर्केस्ट्रातले मोठे ढोल), सातपुड्याकडचा मोठा ढोल, सगळ्यांचा पूर्ण आवाज मुख्य चॅनेलमध्ये हवा. एलएफईत १२० हर्ट्झच्या खालची थोडी भर, एवढंच. एलएफई बंद करून ऐकल्यावर ढोल ढोलासारखा वाटला पाहिजे.

इथेच दुसरी अडचण भेटते. ढोल, संबळ, पावरी दहा बाय बाराच्या खोलीत रेकॉर्ड केलेली, व्हायोलिन लंडन-व्हिएन्नाच्या सभागृहातले. दोन्ही एकत्र वाजली की वाद्यं एका मांडवात बसत नाहीत. अंदाजाने रिव्हर्ब चढवण्याऐवजी मोजा. स्पिकाटोचा शेवटचा सूर थांबल्यावर ट्री आणि अ‍ॅम्बियंट माइकांत आवाज ३० डीबी उतरायला किती वेळ लागतो ते लाटेवर पाहा आणि त्याची दुप्पट करा. तेवढाच वेळ ढोलाच्या बहुचॅनेल रिव्हर्बला द्या. व्हायोलिनवर मात्र ती रिव्हर्ब पुन्हा घालू नका. त्यांचं सभागृह माइकांतच आलंय, वर दुसरं चढवलं की तंतुवाद्यं आणखी एक पाऊल मागे सरकतात.

हेडफोनवरच बिघडतं

स्टिरिओ ठीक आणि बायनॉरलमध्ये (हेडफोनवर भोवतालचा भास देणाऱ्या रूपात) तंतुवाद्यं लांब गेली तर रेंडररमधली अंतराची सेटिंग पाहा: ऑफ, निअर, मिड, फार. ‘फार’ (लांब) निवडलं की रेंडरर स्वतःची खोली जोडतो आणि सॅम्पलमध्ये सभागृह आधीच आहे. ट्री निअरवर, अ‍ॅम्बियंट आणि उंचीचे मिडवर, कॉन्ट्राबास वेगळा ऑब्जेक्ट असेल तर ऑफवर, अशी सुरुवात बरी. अ‍ॅपलचं स्पेशियल ऑडिओ स्वतःच्या पद्धतीने रेंडर करतं आणि ही सेटिंग मानत नाही. म्हणून रेंडररमधून एमपी४ काढून प्रत्यक्ष आयफोनवरही ऐका. दोन्हीकडे बरं वाटेल असा मधला मार्ग जवळच्या माइकांच्या पातळीतून निघतो. ट्रीपेक्षा १० ऐवजी ६ डीबी खाली आणून पाहा.

खोलीबद्दल थोडं

मे महिन्यात भुसावळात ४५ अंश झाले की स्पीकरांचे डिले पुन्हा मोजावेत का, असा प्रश्न असतो. गरज नाही. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ४५ अंशांना सुमारे ३५८. मीटरला जेमतेम ०.१२ मिलिसेकंदाचा फरक पडतो, तोही सगळ्या स्पीकरांना सारखाच. कूलरच्या घरघरीचा त्रास त्याहून कितीतरी मोठा. अ‍ॅम्बियंट माइकांची शेपटी नेमकी त्याच घरघरीत बुडते आणि मग रिव्हर्ब नकळत जास्त चढते. शेपटीचे निर्णय कूलर बंद करून, पहाटे घ्या.

विटा-प्लास्टरच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास घुमारा येतोच, त्यामुळे चेलो-बासचे निर्णय फसतात. कोपऱ्यांत जाड शोषक हवेत. काचलोकर नको असेल तर पिंजलेली रुई चांगलं काम करते आणि ती आपल्याकडे दारात मिळते. दोन बाय चार फुटांच्या, चार इंच जाड चौकटीत साधारण ३ किलो भरा, सैल कापड लावा आणि मागे चार इंच हवा सोडा. रुई पेट घेते, म्हणून आधी बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया करून घ्या आणि स्विचबोर्डजवळ ती चौकट लावू नका.

सगळं दुरुस्त झाल्यावर मोठेपणाची मोजणी शेवटी करा: एकूण उणे १८ एलकेएफएसच्या (सरासरी मोठेपणाचं माप) वर नको, ट्रू पीक (सर्वांत उंच टोक) उणे १ डीबीच्या वर नको. प्रती काढून टाकल्यावर खोलीत ऑर्केस्ट्रा आधीपेक्षा बारीक वाटेल. तेव्हा स्पीकर भरण्याचा मोह होतो, पण आधी ट्रीची पातळी २ डीबी वाढवून मोनोत ऐका. मांडवातल्या पेटीसाठी तयार केलेल्या त्या मोनोत दुसरे व्हायोलिन पहिल्यांपासून वेगळे ऐकू आले की फाइल पाठवायला हरकत नाही.